वेबसाईट ऑफिसात पळते, डीलरच्या फोनवर का अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचा कारखाना. वर्डप्रेस या साईट बनवण्याच्या साधनावर केलेली वेबसाईट, दीडशेच्या वर डिझाईन, पहिल्या पानावर फिरणारे मोठे फोटो. ऑफिसच्या वायफायवर साईट पटकन उघडते, पण बाहेरगावचे डीलर म्हणतात, "उघडतच नाही हो, तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवरच टाका." गुगलच्या पेजस्पीड तपासणीत मोबाईलचा आकडा लाल येतो. साईट करून देणारे म्हणतात, होस्टिंग, म्हणजे साईट जिथे राहते ती सर्व्हरवरची भाड्याची जागा, मोठं घ्या. घ्यावं का?

माझं मत आधीच सांगतो: आत्ता घेऊ नका. फोनवर न उघडणाऱ्या साईटचं दुखणं बहुतेक वेळा सर्व्हरच्या ताकदीत नसतं. आपण समोरच्याच्या फोनवर काय काय पाठवतो आणि कोणत्या क्रमाने पाठवतो, त्यात असतं. गोदामाचं शटर रुंद करून घेतलं तरी डीलरच्या गावापर्यंतचा रस्ता तेवढाच राहतो.

ऑफिसातला अनुभव फसवा का असतो, ते आधी पाहू. तिथे फायबरची जोडणी आहे, कॉम्प्युटर दणकट आहे, आणि तुम्ही ती साईट रोज उघडत असल्यामुळे निम्म्याहून जास्त फोटो ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेले आहेत. डीलरकडे यातलं काहीच नाही. म्हणून पहिलं काम हे करा: कारखान्यातल्या कोणाचा तरी तीन-चार वर्षं जुना, साध्या किमतीचा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, क्रोमची इनकॉग्निटो खिडकी (तिच्यात आधी साठवलेलं काही वापरलं जात नाही) उघडा आणि मोबाईल डेटावर साईट पाहा. पहिला फोटो कधी दिसतो, मेनूला बोट लावल्यावर तो कधी उघडतो, वाचता वाचता मजकूर खाली सरकतो का, एवढं टिपून ठेवा. बाहेरगावच्या एखाद्या डीलरलाही हेच करायला सांगा आणि स्क्रीनचा व्हिडिओ मागवा. पुढचा प्रत्येक बदल याच फोनवर तपासायचा आहे.

आता हिशोब. पेजस्पीडच्या मागे लाइटहाउस नावाचं तपासणीचं साधन आहे. ते मोबाईलसाठी मुद्दाम हळू जोडणी धरतं: सेकंदाला १.६ मेगाबिट, आणि सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला १५० मिलिसेकंद. १.६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण २०० केबी. तुमचं पहिलं पान ८ एमबीचं असेल तर ते पूर्ण यायला ४० सेकंद, आणि १ एमबीचं असेल तर ५ सेकंद. हा वेग कागदावरचा वाटेल, पण सातपुड्याच्या पायथ्याला धडगावकडे जाताना, किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी सगळं गाव एकाच टॉवरवर असताना, फोनवर फोर-जी दिसत असूनही प्रत्यक्ष वेग कित्येकदा असाच मिळतो. बिहार-ओडिशातल्या तालुक्याच्या गावात बसलेल्या डीलरची गतही वेगळी नाही.

पानाचं वजन कळायला विकतचं काही लागत नाही. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये साईट उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्कच्या टॅबवर जा, 'डिसेबल कॅश'वर (म्हणजे आधीचं साठवलेलं वापरू नको) खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. खालच्या पट्टीत एकूण किती फाईली आल्या आणि किती एमबी आलं ते दिसतं. आकाराच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जड फाईल वर येते. तुमच्यासारख्या कॅटलॉगच्या साईटवर पहिल्या दहा-पंधरा ओळींतच बहुतेक दुखणं सापडतं, आणि त्या ओळी जवळजवळ नेहमी फोटोंच्या असतात.

म्हणून फोटोंवर जरा थांबून बोलतो. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, वजनाला तीन ते पाच एमबी. डीलरच्या फोनचा पडदा रुंदीला ७२० किंवा १०८० ठिपक्यांचा. यादीच्या पानावर दोन चटया शेजारीशेजारी दाखवायच्या तर एका फोटोला ५०० ठिपके रुंदी भरपूर झाली. पानावर फोटो छोटा दिसतो म्हणून फाईल छोटी आहे असं धरू नका. ब्राउझर अख्खी चार एमबीची फाईल उतरवून घेतो आणि मग ती आकसून दाखवतो. यादीसाठी ५०० ते ६०० ठिपके, डिझाईनच्या पानासाठी १००० ते १२०० ठिपके असे दोन आकार ठरवून टाका. फाईल जेपीईजीऐवजी वेबपीमध्ये द्या. गुगलने हा प्रकार २०१० मध्ये आणला, ॲपलच्या सफारीत तो २०२० पासून चालतो, त्यामुळे आता सगळ्या चालू ब्राउझरांत तो बिनदिक्कत वापरता येतो. गुगलच्या स्वतःच्या मोजणीनुसार त्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा तो २५ ते ३४ टक्के हलका पडतो. वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, वेबपी थेट चढवता येतो. एक-दोन फोटो करून पाहायचे तर स्क्वूश हे गुगलचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. मूळ आणि दाबलेला फोटो शेजारीशेजारी ठेवून फरक डोळ्यांनी पाहता येतो.

चटईच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे, ती सर्वसाधारण सल्ल्यात सापडणार नाही. फोटो दाबणारी सगळी तंत्रं सपाट रंगावर चांगली चालतात. चटईत बारीक विण असते, काडीकाडीला रंग बदलतो, आणि असा बारकावा दाबला जात नाही. त्यामुळे त्याच मापाच्या बादलीच्या फोटोपेक्षा चटईचा फोटो जड निघतो, आणि जास्त दाबला की विण पुसली जाऊन कापडासारखी दिसते. तुमचा माल विणीवर विकला जातो, तेव्हा तिथे कंजुषी नको. यावर उपाय असा की अख्खी चटई दाखवणारा फोटो लहान आणि जरा जास्त दाबलेला ठेवायचा, आणि विण दाखवायला एका कोपऱ्याचा जवळून काढलेला वेगळा फोटो डिझाईनच्या पानावर द्यायचा, तोही बोट लावल्यावरच मोठा होणारा. दोन्ही मिळून जुन्या एका फोटोच्या काही अंशातच बसतात. आणखी एक, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो कधीच मूळ म्हणून वापरू नका. तो आधीच एकदा दाबला गेलेला असतो, दुसऱ्यांदा दाबला की रंगाच्या कडा फाटतात. फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाईल केबलने किंवा ड्राइव्हवरून घ्या.

पहिल्या पानावरचा फिरणारा स्लायडर काढून टाका. हे मालकांना सहसा आवडत नाही, कारण तो दिसायला भरगच्च वाटतो. पण तो काय करतो ते पाहा: पाच मोठे फोटो आणतो, ते फिरवायला स्वतःची जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम, आणतो, आणि ती येऊन चालू होईपर्यंत पहिला फोटोसुद्धा दाखवत नाही. गुगल वेग मोजताना पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग कधी दिसला ते पाहतं. त्याला एलसीपी म्हणतात, आणि चारपैकी तीन भेटींत तो २.५ सेकंदांच्या आत यावा अशी अपेक्षा आहे. तुमच्या पानावर तो सगळ्यात मोठा भाग म्हणजे नेमका स्लायडरचा पहिला फोटो. त्या जागी एकच चांगला, स्थिर फोटो ठेवा. वर्डप्रेस २०२० पासून फोटो 'लेझी' पद्धतीने, म्हणजे वाचणारा खाली सरकेल तसतसे आणतं. खालच्या फोटोंसाठी ते उत्तम, पण पहिल्या फोटोला हा नियम लागला तर तो उलट उशिरा येतो. काही थीम (साईटचे तयार साचे) आणि प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) ही गोष्ट सरसकट सगळ्या फोटोंना लावतात. करून देणाऱ्याला सांगा की वरचा फोटो लेझीमधून वगळा, त्याला वरची प्राधान्यसूचना द्या, आणि तो सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या सूचनांत, पार्श्वभूमी म्हणून न लावता पानाच्या कोडमधल्या साध्या फोटोच्या टॅगने लावा. पार्श्वभूमीचा फोटो ब्राउझरला फार उशिरा सापडतो, शिवाय वर्डप्रेस आपोआप करून ठेवतं त्या लहान आकारांचा फायदाही त्याला मिळत नाही. प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहिलेली असावी, म्हणजे फोटो येण्याआधीच त्याची जागा राखली जाते आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच बटणावर पडत नाही.

आपल्याकडच्या साईटवर आणखी एक जड वस्तू हमखास असते, दरपत्रक. छापखान्यात कोरलड्रॉमध्ये जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये ते बनतं, मजकूर कॉपी करून चिकटवला की अक्षरांचा गोंधळ होतो, म्हणून सरळ त्याचा फोटो करून साईटवर चढवतात. दोन एमबीचा फोटो, तोही फोनवर वाचायला मोठा करावा लागतो. तेच दरपत्रक युनिकोडमध्ये टाईप करून साध्या तक्त्यात दिलं तर पाच-दहा केबीत मावतं, गुगलला वाचता येतं, आणि दर बदलला की ऑफिसात बसून एक आकडा बदलला की झालं. एक दिवस टाईप करण्यात जाईल, पण सगळ्या बदलांत स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा मला इथेच दिसतो. कॅटलॉगची पीडीएफही तशीच. छपाईसाठी केलेली ३०० डीपीआयची फाईल तशीच चढवलेली असते. स्क्रीनसाठी वेगळी, हलकी फाईल काढून घ्या आणि लिंकशेजारी तिचा आकार लिहा. डेटा जपून वापरणाऱ्या डीलरला त्याने ठरवता येतं.

जावास्क्रिप्टकडे वजनाच्या पलीकडे पाहावं लागतं. ३०० केबीचा फोटो फोनने उतरवला की काम जवळजवळ संपलं. ३०० केबीची जावास्क्रिप्ट उतरवून, वाचून, चालवावी लागते, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर त्यात गुंतला की मेनूला बोट लावलं तरी काही होत नाही. मार्च २०२४ पासून गुगल हाच प्रतिसाद आयएनपी या मापाने मोजतं. २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद आला तर चांगला. तेव्हा साईटवर काय काय बाहेरून आणलं आहे याची यादी मागवा. व्हॉट्सॲपच्या बटणासाठी प्लगइन लागत नाही, नंबर जोडलेली साधी लिंक पुरते. गुगल मॅपची चौकट काढा, नकाशाचा एक छोटा फोटो ठेवून त्याला नकाशाची लिंक द्या. नाहीतरी येणारा माणूस रस्ता फोनच्या मॅप ॲपमध्येच पाहतो. कारखान्याचा यूट्यूब व्हिडिओ असेल तर तिथे फक्त त्याचं मुखचित्र ठेवा आणि बोट लावल्यावर व्हिडिओ आणा. चॅटची खिडकी जर कोणी उत्तर द्यायला बसत नसेल तर ती कशाला? जाहिरातींचे ट्रॅकर, म्हणजे पाहुण्यांचा माग ठेवणारे कोड, ज्या वर्षी जाहिरात केली त्या वर्षापासून तसेच राहिलेले असतात, जाहिरात बंद असेल तर तेही काढा. पेज बिल्डरने, म्हणजे तयार तुकडे ओढून पान जुळवायच्या साधनाने, बनवलेल्या साईटवर यानंतरही बरंच ओझं उरतं, पण ते उतरवायचं म्हणजे थीमच बदलायची. तो निर्णय साईट पुढच्या वेळी नव्याने कराल तेव्हा घ्या.

फॉन्टबद्दल थोडं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाईल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते, आणि एका फॉन्टचे पाच-सहा जाडीचे प्रकार लावले की तेवढ्या वेळा ती मोठी फाईल येते. साधा आणि ठळक, दोनच प्रकार ठेवा, डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या हलक्या स्वरूपात, आपल्याच सर्व्हरवर. गुगल फॉन्ट्सवरून आणला तर तो वाचणाऱ्याकडे आधीच साठवलेला असेल, हा जुना समज आता चालत नाही. क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक साईटचा साठा वेगळा केला, त्यामुळे प्रत्येक साईटसाठी फॉन्ट नव्याने उतरतो. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसू द्यावा, तशी सूचना सीएसएसमध्ये एका ओळीची आहे. आणि खरं तर अँड्रॉइडमध्ये चांगला देवनागरी फॉन्ट आधीच असतो. डीलरसाठीच्या साईटवर मी तोच वापरेन. फॉन्ट लहान करायला न वापरलेली अक्षरं कापणारी साधनं मात्र जपून वापरा, त्यात जोडाक्षरांचे नियम कापले गेले की 'क्ष', 'त्र' आणि रफार सुटे पडतात.

एवढं झालं की मग सर्व्हरकडे वळायचं. पहिला प्रश्न ताकदीचा नाही, जागेचा आहे: सर्व्हर कुठे बसवला आहे? होस्टिंगच्या खात्यात ते दिसतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, अमेरिका तेरा-चौदा हजार. नुसतं जाऊन यायलाच अमेरिकेला प्रकाशाला १३० मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि तारा सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० ते ३००. पत्ता शोधणं, जोडणी करणं, कुलूपबंद (एचटीटीपीएस) जोडणीची बोलणी, मग पानाची मागणी, अशा तीन-चार फेऱ्या झाल्याशिवाय पहिलं अक्षर येत नाही. म्हणजे सगळा माल भारतात विकणाऱ्या कारखान्याची साईट अमेरिकेत असेल तर जवळजवळ एक सेकंद वाटेतच गेला. त्याच कंपनीकडे मुंबईचं केंद्र असेल तर त्याच किमतीत तिकडे हलवून मागा.

जागा ठीक असेल तर पहिलं उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. ०.८ सेकंदाच्या आत असेल तर सर्व्हरला हात लावू नका. जास्त असेल तर आधी पानांची कॅश चालू करा. कॅश नसेल तेव्हा वर्डप्रेस प्रत्येक पाहुण्यासाठी डेटाबेसमधून तेच पान पुन्हा पुन्हा बनवतं, कॅश असेल तर तयार पान हातात देतं. लाइटस्पीड सर्व्हर असेल तर त्याचंच मोफत प्लगइन, नाहीतर दुसरं कोणतंही नावाजलेलं, पण एकच. दोन कॅश प्लगइन एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची, आवृत्ती जुनी असेल तर ती आठच्या पुढे न्या, आधी बॅकअप घेऊन. जीझिप किंवा ब्रॉट्ली चालू आहे का तेही विचारा, मजकुराच्या फाईली त्याने बऱ्याच आकसतात आणि खर्च काही नाही. डीलर देशभर असतील तर वरून क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन लावता येतं. त्याची मोफत योजना फोटो आणि सीएसएससारख्या फाईली वाचणाऱ्याच्या जवळच्या केंद्रातून देते. पान स्वतः मात्र ते आपणहून साठवत नाही, त्यामुळे मंद सर्व्हर त्याने झाकला जात नाही.

कॅशमुळे जुना मजकूर दिसण्याचा धोका असतो. तुमचे दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असतील, तर दर बदलल्यावर कॅश साफ करायची सवय पुरेशी आहे. सावदा-रावेरच्या केळी व्यापाऱ्यासारखा रोज भाव टाकायचा असेल तर ते एक पान कॅशमधून वगळावंच लागेल, नाहीतर शेतकऱ्याला कालचा भाव दिसेल.

एक गोष्ट सगळे विसरतात, ती चटईच्या पॅकिंगवरचा क्यूआर कोड. तो अनेकदा लिंक लहान करणाऱ्या एखाद्या सेवेतून जातो, तिथून साईटच्या जुन्या, कुलूप नसलेल्या पत्त्यावर, तिथून सुरक्षित पत्त्यावर, मग तीन डब्ल्यूच्या पत्त्यावर. प्रत्येक उडीला नवी फेरी, मंद जोडणीवर प्रत्येकी अर्धा-पाऊण सेकंद. पुढच्या छपाईपासून क्यूआरमध्ये शेवटचा, पूर्ण पत्ता घाला.

मोठं होस्टिंग मग कधी घ्यायचं? हे सगळं झाल्यावरही कॅशमध्ये न बसणारी कामं, म्हणजे डीलरचं लॉगिन, साठ्याची चौकशी, डिझाईन शोधणं, सतत रेंगाळत असतील तेव्हा. किंवा साईटवर अधूनमधून ५०८ क्रमांकाची, वापराची मर्यादा संपल्याची चूक दिसत असेल तेव्हा. तीही दिसली तर आधी लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, तपासायला सांगा. कधी कधी खरी गर्दी नसतेच, बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, साईट ओरबाडत असतात किंवा साईट हॅक होऊन भलतीच कामं करत असते.

पेजस्पीडच्या आकड्याबद्दल: शंभरच्या मागे लागू नका. वरच्या भागात खऱ्या पाहुण्यांची मागच्या २८ दिवसांची मापं असतात, खालचा रंगीत आकडा एका बनावट फोनवरची एक चाचणी असते आणि दर वेळी थोडा हलतो. छोट्या साईटला वरच्या भागात पुरेसा डेटा नसल्याचंच दिसतं, तेव्हा तो जुना अँड्रॉइड फोन हीच तुमची खरी मोजणी. गुगलच्या शोधात वेग हा अनेक निकषांपैकी एक आहे. चटईचं माप, वजन, विणीचा प्रकार, किमान ऑर्डर हे पानावर लिहिलेलं नसेल तर नुसत्या वेगाने तुम्ही वर येणार नाही.

करून देणाऱ्या मुलाशी भांडू नका. त्याला पैसे दिखाव्याचे मिळाले होते, स्लायडर बहुधा तुम्हीच मागितला असेल. त्याला हे काम वेगळं, मोबदला ठरवून द्या आणि अटी लेखी ठेवा: पहिलं पान १ एमबीच्या आत, यादीतला एक फोटो ६० केबीच्या आसपास, जुन्या फोनवर मोबाईल डेटाने पहिला फोटो तीन सेकंदांत. बदल एका वेळी एकच करायचा, बॅकअप घेऊन, आणि प्रत्येक बदलानंतर चौकशीचा फॉर्म भरून पाहायचा, कारण जावास्क्रिप्ट पुढे ढकलणारी प्लगइनं तो गुपचूप बंद पाडतात. ऑफिसात नवीन डिझाईनचे फोटो जो चढवतो त्याला मापं लिहून द्या आणि दोन-चार फोटो त्याच्याकडून समोर बसून करून घ्या. पुढच्या सीझनच्या पन्नास डिझाईन तोच चढवणार आहे.